सात काड्या

“बसा,” नव्या डॉक्टरबाई म्हणाल्या. मी उभीच राहिले. बसलं की योनीच्या तोंडाशी निखारा ठेवल्यासारखं जळतं. सहा वर्षं मी वर्गात खुर्चीला टेकलेली नाही. शाळेने त्याला उत्साह समजून मला आदर्श शिक्षिकेचं प्रशस्तिपत्र दिलंय.

मी फाइल पुढे सरकवली. सात डॉक्टर, सगळे रिपोर्ट नॉर्मल. एकाने मला सोडून नवऱ्याला विचारलं होतं, “घरात काही वाद?” दुसरीने हसून सांगितलं, “मूल झालं की थांबेल.” बाकीच्यांनी मनाचे खेळ म्हणून झोपेच्या गोळ्या दिल्या.

बाईंनी फाइल मिटली. मला टेबलावर झोपवलं, बरणीतून कापसाची साधी काडी काढली आणि तिथे हलकेच टेकवत गेल्या. “इथे? इथे?” चौथ्या ठिकाणी मी किंचाळले.

“हे मनाचं नाही,” त्या म्हणाल्या. “नसांचं दुखणं आहे. वेळ लागेल, पण उपचार आहेत. अशी तपासणी आधी कुणीच केली नाही?”

“नाही.”

मी डोळे पुसले, साडी नीट केली आणि बरणीकडे बोट दाखवलं.

“अशा सात काड्या द्या, बाई. एकेका डॉक्टरच्या टेबलावर ठेवून येते.”