वाढलेला किनारा

वाटणीत थोरल्याने हिरवीगार बाग धाकट्याला देऊन टाकली आणि स्वतः समुद्रकाठचा उघडा खडक मागून घेतला. धाकट्याची बायको नवऱ्याच्या कानात पुटपुटली, "दादांना ताप तर नाही ना?" ताप नव्हता, हिशोब होता. समुद्राच्या तळाशी पृथ्वीच्या कवचाची एक प्लेट दुसरीच्या पोटाखाली सरकत होती, त्यातूनच त्यांचं हे बेट वर आलं होतं. बेटावरचा ज्वालामुखीचा डोंगर पुन्हा पेटला की लाव्हा समुद्रात जाऊन थिजणार आणि काठावरच्या मालकाची जमीन फुकटात वाढणार.

डोंगर पेटला. होड्या वेळेवर आल्या, माणसं वाचली. परतल्यावर थोरला धावतच किनाऱ्यावर गेला. काळीभोर नवी जमीन पार समुद्रात घुसली होती.

"बघ रे, केवढी वाढली!" म्हणत तो मागे वळला. धाकटा डोंगराकडे तोंड करून उभा होता. लाव्हा खाली उतरला होता तो त्याच्या बागेवरून, घरावरून. तिथे आता नुसता काळा उतार होता. थोरल्याचा हात हवेतच राहिला.

डोळे पुसून धाकटा म्हणाला, "दादा, जपून चाल. अजून गरम असेल, पाय भाजतील."