चाल बदलली की उतरायचं

ब्रुना सहाव्या थरावर थांबली.

अख्ख्या चौकाला ते दिसलं. दिसलं नाही ते फक्त माणसांच्या त्या मनोऱ्याच्या पायाला उभ्या असलेल्यांना. ती शंभर-दीडशे माणसं एकमेकांच्या मानेत तोंड खुपसून, हात वर करून, छातीला पाठ चिकटवून उभी होती. पायाने वर बघायचं नसतं. वरून कोणी अंगावर आलं तर वर केलेली मान मोडते. वर काय चाललंय ते त्यांना सनई सांगते. थर चढतायत तोवर एक चाल. सगळ्यात वरच्या पोराने हात वर केला की चाल बदलते. मग पायाला कळतं, जमलं, आता फक्त उतरवायचं. आणि सनई मध्येच थांबली तर पायाला एकच गोष्ट कळते, वर बिनसलं. मग वरचे पडायच्या आधी खालचेच ढिले पडतात.

ती सनई रोझेरच्या तोंडात होती. आणि रोझेर सहाव्या थरावर थांबलेल्या सात वर्षांच्या ब्रुनाची आई होती.

सांता तेक्लाचा सण. तारागोना गावातला कारंज्याचा चौक भिंतीपासून भिंतीपर्यंत माणसांनी ठासलेला. नगरपालिकेच्या बाल्कनीत साहेबलोक. कॅफेच्या टेबलांवर लोक दारूचे पेले घेऊन माना वर करून बसलेले. समोरच्या पथकाने आत्ताच आठ थर लावून उतरवले होते, एकालाही खरचटलं नव्हतं. आता आपलेही आठ व्हायलाच हवे होते. कशाला हवे होते ते कोणी विचारत नाही.

ब्रुनाच्या वर छोटा मार्ती वाकून बसला होता. त्याच्या पाठीवरून पलीकडे जायचं, जाता जाता हात वर करायचा, दुसऱ्या बाजूने उतरायचं. एवढंच उरलं होतं. ब्रुनाने मार्तीचा सदरा दोन्ही मुठींत धरला होता आणि ती हलत नव्हती.

"ब्रुना, चढ!" पथकाचा म्होरक्या गास्पार खालून ओरडला. "चढ गं बाळा! खाली बघू नकोस!"

"झोपली की काय वर?" कॅफेतून कोणीतरी म्हणालं. टेबलभर हशा झाला.

गास्पार रोझेरच्या कानाशी आला. "तू वाजव. काय वाट्टेल ते होऊ दे, वाजव. थांबलीस तर सगळे खाली येतील."

हे तिला कोणी सांगायला नको होतं. पोरीला उतर म्हणून ओरडावं, तर तोंडात सनई. सनई तोंडातून काढावी, तर खाली पाया सुटणार. त्या पायात तिचा नवरा फेरान होता, आणि तो याच सुरावर उभा होता. ती वाजवत राहिली. ओठ कोरडे पडले, फाटले. सूर चिरका यायला लागला.

चौथ्या थरावरच्या माणसाची पोटरी उडायला लागली. थरथर वर वर सरकते. पाचव्याचे गुडघे. मग सहाव्यावरचे खांदे. ब्रुनाचं मऊ शिरस्त्राण डाव्या बाजूला कललं, उजव्या बाजूला कललं. कॅफेतलं हसू बंद झालं. एक बाई डोळ्यांवर हात घेऊन मागे वळली.

रोझेरने चाल बदलली.

शेजारी ढोल वाजवणारा म्हातारा सादुर्नी चमकला. "पोरी, हात कुठे वर झालाय?"

तिने त्याच्याकडे नुसतं बघितलं. म्हाताऱ्याने दात आवळले आणि ढोलाचा ठेका बदलला. बाकीच्या सनया मुकाट्याने मागे आल्या.

"झालं! झालं!" पायातून आरोळी आली. दीडशे माणसांचे खांदे पुन्हा ताठ झाले. त्यात फेरानचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

वर ब्रुनाने मान हलवली. पोरांना पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट घोटून शिकवलेली असते: चाल बदलली की उतरायचं. तिने मार्तीचा सदरा सोडला. एक पाय खाली टाकला. मग दुसरा. घसरत, पाठींना कवटाळत, ती उतरायला लागली. तिच्यामागे मार्ती. त्याच्यामागे एकेक थर.

बाल्कनीतल्या साहेबांनी टाळ्यांसाठी उचललेले हात खाली घेतले. चौकाने हुर्यो उडवली.

फेरान पायातून लालबुंद होऊन बाहेर आला. दिसेल त्याला मिठी मारत होता. "आठ! आठ लावले! अरे, हे ओरडतायत कशाला?"

"बायकोला विचार," गास्पार म्हणाला. तो रोझेरसमोर येऊन उभा राहिला. ब्रुना केव्हाच येऊन, आईचा सदरा मुठीत धरून तिच्या पोटाला चिकटली होती. "सगळ्या गावासमोर खोटं वाजवलंस. हे आठ कोणी मोजणार नाही. आणखी थोडा वेळ दिला असतास तर केलं असतं तिने."

रोझेर ओठावरचं रक्त पुसत होती.

"पुढच्या रविवारी वाजवायला दुसरं कोणीतरी असेल," गास्पार म्हणाला. "पोरगी चढेल. घाबरलीबिबरली काही नाही ती. एक हात वर करायचा, एवढंच तर काम."

"कर," रोझेर म्हणाली.

"काय?"

"हात. तिचा हात वर कर. आता तर जमिनीवर आहे ती."

गास्पार चिडून हसला. खाली वाकला आणि त्याने ब्रुनाचं मनगट धरून वर ओढलं. मूठ सुटली नाही. त्याने जोर लावला. रोझेरच्या सदऱ्याचं बटण तुटून दगडांवर उडालं, कापड टरकलं, पण मूठ सुटली नाही.