हूं की चूं

मुकादम पुंजाराम ओट्यावर टेकला, तशी राहीबाईनं कमरेतल्या कळेकडं बघायला सुरवात केली. ढकलायची नाही, शिव्या घालायच्या नाहीत, नुसतं बघायचं. कळ आली. बसली. जरा सरकली. राहीबाईच्या तोंडातून आवाज नाही.

मागल्या हंगामात उसाची मोळी डोक्यावर घेऊन ती ट्रकच्या फळीवरून घसरली, तेव्हापासून कंबर कामातून गेली होती. शेक झाला, वैदू झाला, नगरचा डॉक्टर झाला. "पुन्हा मोळी उचललीस तर कायमची अंथरुणाला खिळशील," असं त्यानं तोंडावर सांगितलं. ती दिवसरात्र कण्हायची आणि तिचा नवरा सहादेव कानात बोळे घालून निजायचा.

मग काय झालं देव जाणे! सहादेवाला एकदम दया आली. तिसगावच्या कारभारीबाबांकडं तो तिला रोज सायकलवर न्यायला लागला. बाबा पलटणीत असताना ब्रह्मदेशातल्या एका भिक्षूकडून ध्यान शिकून आलेले. ते म्हणाले, "दुखनं जानार न्हाई, पोरी. पन दुखलं की कन्हायचं का न्हाई, ते तुझं तू ठरवशील."

दोन महिने ही फेरी चालली. वाटेत खड्डा आला की सहादेव खाली उतरून सायकल हातानं ढकलायचा. लग्नाला बारा वर्षं झाली, पण असं जपणं तिनं पहिल्यांदाच बघितलं. खोटं कशाला बोला, कळेनं रडली नसेल इतकी ती त्या सुखानं रडली.

"कोयता पुरा हाय ना?" पुंजारामनं विचारलं. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. एकट्या गड्याला ऊसतोडीला नेतो कोण? "तुझी बायकू लई कन्हती म्हनं."

"कोन म्हनतं?" सहादेव हसला. "ही काय, म्होरं बसलीय. हूं न्हाई की चूं न्हाई! तेवढ्यासाठीच तर दोन म्हैने बाबाकडं नेत हुतो. आता मोळ्या बिनबोभाट उचलंल."

राहीबाईनं पुन्हा आत बघितलं. नवल म्हणजे, आज कळ अगदी बारीक होती. तिनं एक श्वास घेतला. सोडला.

मग कमरेवर हात दाबून ती ओरडली, "आई गं! मेले गं!"

मुकादम ओट्यावरून उतरला आणि मागं न बघता शेजारच्या घराकडं चालू लागला. सहादेवाची मूठ आवळली. त्या मुठीकडं नुसतं बघत राहीबाई ठरवून कण्हत राहिली.