सात नंबरच्या खाटेचा तक्ता

वृद्धाश्रमांची तपासणी करणाऱ्या बाईंच्या नजरेतून आजवर एकही खोटी नोंद सुटली नव्हती.

अंथरुणाला खिळलेल्यांची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर अंगाला जखमा होतात. प्रत्येक खाटेला त्याचा तक्ता लटकवलेला होता. सात नंबरचा तर अगदी चोख: डावी, उजवी, डावी, आणि पुढे सही. खाट मात्र रिकामी!

"रिकाम्या खाटेवर सह्या ठोकता? परवाना जाईल तुमचा," बाई कडाडल्या.

"सहा महिने झाले मॅडम, तिथं कोणी नाही. आजी गेल्या, पाठोपाठ त्यांची कूस बदलणारी आयाही," मेट्रन हळूच म्हणाली. "तो तक्ता आम्ही भरत नाही."

"मग कोण भरतं, बघतेच मी." बाई खुर्ची ओढून बसल्या. बाराला पाच कमी होते.

चादरीवर डाव्या कुशीचा खोलगट ठसा होता. बाईंनी तो हाताने दोनदा सपाट केला. दोन्ही वेळा तो परत उमटला.

बाराच्या ठोक्याला ठसा अर्धा सरकला आणि तिथंच अडला. खाटेपलीकडे न दिसणारं कोणीतरी धापा टाकत होतं.

मेट्रनने बाह्या सरसावल्या. "मॅडम, पायांकडून जरा धरता का? आज तिला एकटीला झेपत नाहीये."

बाईंनी नकळत हात पुढे केले. तळव्यांत दोन टाचा आल्या. उबदार, मऊ, एकही जखम नसलेल्या.