कुणी न घेतलेली परी

लेक स्कूटरच्या अपघातात गेली, त्याला दोन महिने झाले. आज आईच तिच्या मैत्रिणींकडे आली. "तिचा खेळ मी पुरा करते," म्हणाली. गोष्ट रचत खेळायच्या त्या खेळात प्रत्येकीनं एकेक पात्र व्हायचं; लेकीनं रचलेली योद्धी कागदावर तयार होती. तिची पाठीराखी चंद्रपरी निवडायची तेवढी राहिली होती.

"काकू, अमावास्येची घ्या," खेळ चालवणारी मैत्रीण हळूच म्हणाली. "ती मेलेल्याला एकदा परत आणते."

"आणि पौर्णिमेची?"

"ती नुसता वाटेवर उजेड पाडते. तिला कुणीच घेत नाही."

काकूंनी पौर्णिमेच्या परीवर खूण केली. सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या.



"त्या वळणावर उजेड असता," काकू म्हणाल्या, "तर आज तुमच्यात मी बसले असते का गं?"