शर्टाचं शेपूट

ऑरिननं दुकानातली तिसरी रिकामी रायफल खांद्याला लावली आणि तीही खिडकीकडे वळवली. बाहेर पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरांवर बर्फ भुरभुरत होतं. रायफलीवरच्या दुर्बिणीला डोळा लावून तो तसाच उभा राहिला. ओठांवर हसू कधी आलं, हे त्याचं त्यालाही कळलं नसावं.

"बाबा, गोळी भरायचा बोल्ट ओढून तरी बघा," त्याची लेक डार्ला म्हणाली.

नवी रायफल त्याला तीच घेऊन देणार होती. सोमवारी हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होणार होता आणि ती पहिल्यांदाच बापाबरोबर रानातल्या केबिनवर मुक्कामाला जाणार होती. तिथली रीत ठरलेली. ज्याचा नेम चुकला, त्याच्या शर्टाचं शेपूट, म्हणजे पाठीमागचा खालचा भाग, कात्रीनं कापायचं आणि भिंतीवर ठोकायचं. ती भिंत जवळजवळ एकट्या ऑरिनच्या शर्टांनीच भरली होती. गाव हसायचं. त्याला काही वाटत नसे, पण डार्ला लहानपणापासून आतल्या आत चिडत आली होती. यंदा तरी बाबांचा शर्ट शाबूत राहावा, एवढंच तिला हवं होतं.

दुकानाचा मालक क्लेटस. केबिनवरची कात्रीही त्याच्याच हातात असे. पहिली रायफल हलकी, पण खांद्याला धक्का फार देते, दुसरीचा बोल्ट लोण्यासारखा सरकतो, तिसरीचा अक्रोडी दस्ता थंडीत गालाला बोचत नाही, असं तो सांगत होता. ऑरिन प्रत्येकीला छान म्हणत होता.

आपल्या जुन्या रायफलीची नळी झिजलीय, म्हणून नेम चुकतो, हे पालुपद ऑरिन वर्षानुवर्षं लावत आला होता. ती बदल्यात घेण्याआधी किती झिजलीय ते बघतो, म्हणून क्लेटस ती जुनी रायफल घेऊन मागच्या आवारात गेला. ऑरिन 'राहू दे रे' म्हणेपर्यंत दार लागलंसुद्धा.

"एवढं काय दिसतं त्या दुर्बिणीतून?" डार्लानं विचारलं.

"गेल्या वर्षीचा हरणाचा नर आठवला. पापण्यांवर बर्फ होतं त्याच्या. झाडाला मान घासत होता आणि सुखानं डोळे मिटले होते त्यानं."

"इतकं स्पष्ट दिसत होतं आणि तरी चुकलात?"

मागून बार ऐकू आले.

क्लेटस परतला तो निशाण्याचा कागद घेऊन. सगळ्या गोळ्या मधोमध, एकाच भोकातून गेलेल्या.

"आणि मी मूर्ख इतकी वर्षं तुझे शर्ट कापतोय," तो म्हणाला.

"कापत जा. मला तिथं नुसतं बसायला आवडतं. पण बारच काढला नाही, तर तुम्ही मला बरोबर न्याल कशाला?"

क्लेटसनं कोपऱ्यातल्या पेटत्या लोखंडी शेगडीचं दार उघडून कागद आत टाकला. "नळी फारच झिजलीय," तो कुणाकडेही न बघता म्हणाला.

डार्लाला गलबलून आलं. इतकी वर्षं ज्याची लाज वाटली, त्याच माणसाला आता मिठी मारावीशी वाटत होती. तिनं त्याच्या हातातली अक्रोडी दस्त्याची रायफल अलगद काढून टेबलावर ठेवली आणि ती कपड्यांच्या मांडणीकडे गेली.

"क्लेटसकाका, बाबांच्या मापाचा एक शर्ट द्या. मागून चांगला लांब असलेला. आणि तसाच एक माझ्या मापाचा."