सैल सोडा

ऑफिसात टपाल नोंदवणाऱ्या बाईंना जन्मजात, दुर्मीळ आजार होता. एकदा आवळलेला स्नायू लवकर सैल होत नसे, गारठ्यात तर फारच वेळ लागे. माझं टेबल एसीच्या तोंडाखालून हलवा, असे तीन अर्ज त्यांनी तीन वर्षांत दिले. साहेबांनी तिन्ही अर्ज मन लावून बाजूला ठेवले आणि चौथ्या वर्षी रामबाण उपाय काढला: ताणमुक्ती शिबिर.

"मूठ घट्ट आवळा. आता सैल सोडा," प्रशिक्षक म्हणाले. सगळ्यांच्या मुठी उघडल्या. बाईंची तशीच राहिली.

"मनात काहीतरी धरून ठेवलंय तुम्ही," प्रशिक्षकांनी निदान करून टाकलं.

समारोपाचा फोटो बाईंच्याच टेबलापाशी ठरला. साहेबांनी हसतमुखाने त्यांचा हात हातात घेतला. फोटो झाला, पण हात सुटेना.

"अहो बाई, सोडा की आता!"

"सुटत नाही, साहेब. गारठा आहे ना इथे. तुम्ही ताण घेऊ नका, दीर्घ श्वास घ्या."

साहेबांना एसीखाली घाम फुटला. "अरे, बघताय काय नुसते? बंद करा तो एसी!"

"आणि टेबल, साहेब?"

"तेही हलवा! आत्ताच्या आत्ता!"

बाईंची बोटं मघाशीच सैल झाली होती. पण टेबल पलीकडच्या भिंतीला टेकेपर्यंत त्यांनी हात काही सोडला नाही.